कलाभवन ते खंभात : कारागिराच्या शेजारी बसलेले विद्यापीठ

बडोद्यात राजमहाल रस्त्याने राजवाड्याकडे निघाले की खंडेराव मार्केटची कमानी-छत्र्यांची भव्य इमारत लागते. पुढच्या अंगाला महानगरपालिकेची कचेरी, मागे भाजी आणि फुलांचा बाजार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी ती बांधली आणि तिला आपले दत्तकपिता खंडेराव महाराज यांचे नाव दिले. या खंडेरावांनी १८६२ साली डभोई ते मियागाम असा अरुंद रुळांचा लोहमार्ग सुरू केला. देशी संस्थानाच्या मालकीची हिंदुस्थानातली ही पहिली रेल्वे. रूळ लोखंडाचे, डबे नव्या तऱ्हेचे आणि ओढायला मात्र बैल! पुढे रूळ बदलले, मग इंजिने आली. पण काही काळ तरी विलायती तंत्र आणि गावचा बैल एकाच मार्गावर चालले.

नवे तंत्र जुन्या समाजात येते तेव्हा ते कोणाच्या हाती पडते, कोणाचे पोट भरते आणि कोणाचे मारते, हा प्रश्न बडोद्याला असा फार लवकर भेटला. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या निरनिराळ्या विभागांतून त्याचा अभ्यास झाला. विद्यापीठाच्या स्थापनेला २०२४ मध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्याचा समग्र इतिहास लिहायचा तर स्वतंत्र ग्रंथच हवा. या लेखात एकच धागा धरला आहे : माणूस, त्याचे तंत्र आणि त्याचा समाज यांचा एकत्र विचार येथे कसा होत गेला. या धाग्याचे पहिले टोक विद्यापीठाच्याही आधीचे, म्हणजे कलाभवनातले आहे.

कलाभवन

१८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. कल्पना प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची, पाठबळ सयाजीरावांचे. गज्जर सुरतचे. घराणे सुताराचे, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात रसायनशास्त्राचे आणि नोकरी बडोदा कॉलेजात प्राध्यापकाची. लाकूडकाम घरातच असलेल्या माणसाला प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यातले अंतर चांगलेच ठाऊक असणार.

काळही तसाच होता. १८६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत मंजिष्ठेचा लाल रंग रसायनशाळेत तयार झाला आणि युरोपातल्या कारखान्यांचे रंग आपल्या बाजारात येऊ लागले. मुळ्या, साली, फुले उकळून रंग काढणाऱ्या रंगाऱ्यापुढे दोनच वाटा उरल्या : नवे रंग समजून घ्यायचे, नाहीतर धंदा सोडायचा. कलाभवनात रंगकाम आणि छपाई, यंत्रकाम, सुतारकाम, रेखाटन, वास्तुकला असे विषय आले ते या गरजेतून. शिकवणे देशी भाषेतून. इंग्रजी येत नाही म्हणून चांगल्या कारागिराच्या मुलाला दाराबाहेर ठेवायचे नाही, हा त्यामागचा हिशेब. पण देशी भाषेतून शिकवायचे तर पुस्तके कुठून आणायची? म्हणून गज्जरांनी शास्त्रीय ग्रंथ लिहवून घेण्याचे काम हाती घेतले आणि रंगविद्येला वाहिलेले ‘रंगरहस्य’ नावाचे गुजराती नियतकालिकही काढले. रंगाऱ्यासाठी रसायनशास्त्राचे नियतकालिक ही कल्पना आजही धाडसी वाटेल.

या शाळेत आलेला एक मराठी विद्यार्थी म्हणजे त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. जे. जे. कलाशाळेतून ते बडोद्याला आले आणि चित्रकलेबरोबर छायाचित्रण, वास्तुकला, मूर्तिकाम असे सगळेच शिकले. गज्जरांनी या मुलाचा हात ओळखला आणि रंगीत छपाईचे ठसे करण्याची विद्या शिकायला त्यांना रतलामला पाठवले. १९१३ मध्ये फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा चित्र, रसायन, यंत्र, नेपथ्य आणि पुराणकथा हे सगळे एकाच माणसाच्या हातात होते. आज ज्याला आपण ‘आंतरविद्याशाखीय’ असे जड नाव देतो, ते कलाभवनात वेळापत्रकाचाच भाग होते.

गज्जर पुढे मुंबईला गेले. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले होते. ते डाग काढून पुतळा पूर्ववत करणारे रसायनज्ञ म्हणून त्यांचे नाव गाजले. १९०७ मध्ये त्यांनी आपले शिष्य कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्यासह अलेंबिक हा रासायनिक कारखाना काढला आणि तो पुढे बडोद्याच्या औद्योगिक जीवनाचा आधार झाला. कारागिराच्या घरातून वर्गात, वर्गातून पुन्हा कारखान्यात असा हा फेरा पुरा झाला.

शिष्यवृत्ती आणि शहर

सयाजीरावांच्या राज्यात ज्ञानाची व्यवस्था एकाच अंगाने वाढली नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन हे ग्रंथालयतज्ज्ञ आले आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून फिरत्या पेट्यांपर्यंत ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. सयाजी साहित्यमालेतून गुजराती आणि मराठीत पुस्तके निघाली. १९३१ मध्ये आठ भाषांतल्या प्रशासकीय शब्दांचा ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ तयार झाला. कचेरीतले कागद रयतेला कळले पाहिजेत, ही त्यामागची भूमिका होती.

या व्यवस्थेचे सर्वांत मोठे फळ आणि तिची सर्वांत मोठी नामुष्की एकाच नावाशी निगडित आहेत. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. विषय अर्थशास्त्र. पण ९ मे १९१६ रोजी त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी मानववंशशास्त्राच्या वर्गात जाऊन समाजाच्या रचनेची चिकित्सा करतो, यापेक्षा विद्याशाखा ओलांडण्याचे चांगले उदाहरण कोणते? १९१७ मध्ये बाबासाहेब करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात त्यांनी आसरा घेतला होता तिथून त्यांना लाठ्या दाखवून बाहेर काढले गेले आणि मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्यांनी कामाठीबागेत वेळ काढला. शाळा, ग्रंथालये, शिष्यवृत्त्या, नळ, रेल्वे हे सगळे असलेल्या शहरात एका विद्वानाला खोली मिळाली नाही. तंत्र आणि शिक्षण आणले की समाज आपोआप बदलतो, या भाबड्या समजुतीला बडोद्याच्याच इतिहासाने असे उत्तर दिले आहे. म्हणून समाजाचा अभ्यास वेगळा करावा लागतो आणि तो यंत्राच्या अभ्यासाइतकाच कसून करावा लागतो.

संस्थानाचा शेवटचा दिवस

बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ हवे, हा विचार जुना. १९२६-२७ मध्ये त्यासाठी प्रा. विजरी यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला गेला होता. प्रत्यक्ष स्थापना झाली ती ३० एप्रिल १९४९ रोजी. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. जाता जाता संस्थानाने रयतेला दिलेली ही शेवटची देणगी. महाराज प्रतापसिंहराव यांनी त्यासाठी आजोबा सयाजीराव यांच्या स्मरणार्थ मोठा निधीही वेगळा काढून ठेवला.

पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. त्या बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आलेली ही पहिली स्त्री. थोड्याच काळापूर्वी, संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना, पहिल्या कलमातल्या ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांना हरकत घेऊन तेथे ‘सर्व मानव’ असा बदल त्यांनी घडवून आणला होता. १९५८ पर्यंत त्या कुलगुरू होत्या. त्यांच्या कारकिर्दीत गृहविज्ञान, समाजकार्य, ललितकला, शिक्षण आणि मानसशास्त्र या विद्याशाखा उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर, बालवाडी, वस्ती यांनाही विद्यापीठीय अभ्यासाचा दर्जा मिळाला. कलाभवन तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले. पण जागा तीच राहिली आणि बडोद्याच्या बोलण्यात नावही ‘कलाभवन’च राहिले.

गाव आणि वही

१९५१ मध्ये ऑक्सफर्डहून प्रा. एम. एन. श्रीनिवास बडोद्याला समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. १९५९ पर्यंत ते येथे होते. कूर्गींवरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५२ मध्ये निघाला आणि ‘संस्कृतीकरण’ (खालच्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणे) ही संकल्पना समाजशास्त्रात रूढ झाली. त्यांच्या जोडीला प्रा. आय. पी. देसाई होते. दोघांचा आग्रह एकच : पोथीत लिहिलेला समाज आणि गावात दिसणारा समाज वेगळे असतात, म्हणून गावात जाऊन राहा. मराठी वाचकांना ही दृष्टी अनोळखी नव्हती. १९३४ मध्ये बडोद्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ना. गो. चापेकर यांनी त्याआधीच ‘आमचा गाव बदलापूर’ लिहून एका खेड्याची खडान्‌खडा नोंद केली होती.

समाजशास्त्र विभागातून रतनमाळच्या भिल्लांवरचा वाय. व्ही. एस. नाथ यांचा अभ्यास विद्यापीठाने १९६० मध्ये प्रसिद्ध केला. ए. एम. शहा आणि आर. जी. श्रॉफ यांनी वहीवंचा बारोटांचा अभ्यास केला. बारोट म्हणजे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी वह्यांत लिहून ठेवणारी आणि ठरावीक काळाने येऊन त्या वाचून दाखवणारी जात. ही वही नुसता दस्तऐवज नाही. कोणाला कोणत्या कुळात बसवायचे, कोणाची सोयरिकीची पायरी कुठली, हे त्या लेखणीने ठरत असे. नोंद ठेवण्याचे तंत्र ज्याच्या हाती, त्याच्या हाती प्रतिष्ठेची किल्ली. आधार कार्ड आणि सातबाऱ्याच्या संगणकीकरणाच्या दिवसांत हा अभ्यास पुन्हा वाचावा असा आहे.

कुदळ आणि प्रयोगशाळा

मात्र आपला धागा सर्वांत घट्ट विणला गेला तो पुरातत्त्व आणि प्राचीन इतिहास विभागात. सुरुवातीच्या काळात तेथे डॉ. बेंडापुडी सुब्बाराव होते, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकलियांच्या हाताखाली तयार झालेले. १९५३ मध्ये त्यांनी बडोद्याच्या उत्खननावर ग्रंथ लिहिला आणि पुढे भूगोल व पुरातत्त्व यांची सांगड घालून भारताच्या प्रदेशांची घडण मांडली. डॉ. र. ना. मेहता यांनी चांपानेरचे नगर खणून रस्ते, वाडे, तलाव यांची मांडणी उलगडली. ते चांपानेर २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. शामळाजीजवळ देवनी मोरी येथे १९६० ते १९६३ या काळात बौद्ध स्तूपाचे उत्खनन झाले आणि लेख कोरलेला अस्थिकरंडक मिळाला. मेश्वो नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली ही जागा जाणार होती. धरणाचे तंत्र पुढे आणि पुरातत्त्वाची कुदळ घाईने त्याच्या आधी, असे ते काम होते. स्थळ पाण्याखाली गेले, करंडक विद्यापीठाकडे राहिला.

या विभागात डॉ. के. टी. एम. हेगडे यांनी प्राचीन धातुविद्येचा रसायनाच्या अंगाने अभ्यास केला. त्यांच्या कामाचा कळस म्हणजे जावर. उदयपूरच्या दक्षिणेला असलेल्या या खाणगावात जिकडे पाहावे तिकडे भाजक्या मातीच्या नळकांड्यांचे ढीग. गावकऱ्यांनी त्याच नळकांड्या एकावर एक रचून घरांच्या भिंतीही उभ्या केल्या होत्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्थान झिंक ही कंपनी, लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि बडोद्याचा हा विभाग एकत्र आले. खाण-अभियंता, धातुशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांनी मिळून खणायला घेतले आणि जस्त गाळण्याच्या भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या.

जस्त हा मोठा अवघड धातू. ९०७ अंश सेल्सिअसला त्याची वाफ होते आणि त्याचे धातुक गाळायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे भट्टीत धातू तयार होतो तोच वाफेच्या रूपात आणि हवा लागली की त्या वाफेची पुन्हा राख. तांब्या-लोखंडासारखा तो तळाशी साचत नाही. जावरच्या कारागिरांनी यावर तोड काढली. वांग्याच्या आकाराची मातीची मूस करायची, तिच्यात धातुक आणि कोळसा भरायचा, तोंडाशी नळी जोडायची आणि मूस उलटी टांगायची. उलटी केल्यावर आतला माल खाली पडू नये म्हणून नळीत काडी खोवलेली असे. आच लागली की काडी जळून जाई आणि वाफेला वाट मोकळी होई. भोके पाडलेल्या मातीच्या तक्त्यावर अशा छत्तीस मुशा, सहा ओळींत सहा-सहा. वर धगधगते दालन, खाली थंड दालन. वाफ खाली उतरून थंड झाली की जस्त भांड्यात ठिबके. हे काम तेथे मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर चालत होते. युरोपात अशाच उलट्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने घेतले ते १७३८ मध्ये.

ही तोड रसायनशास्त्रज्ञाला एकट्याला कळली नसती, कारण भट्टीची रचना मातीतून काळजीपूर्वक मोकळी करायला पुरातत्त्वज्ञ लागला. पुरातत्त्वज्ञालाही एकट्याला कळली नसती, कारण त्या काडीच्या राखेचा अर्थ लावायला जस्ताचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. आणि भिंतीत रचलेल्या मुशांकडे बोट दाखवायला गावकरी लागले.

खंभातचे मणी

१९८३-८४ मध्ये कच्छच्या आखाताच्या काठी नागेश्वर येथे हेगडे, वि. ह. सोनवणे, कुलदीप भान आदींनी हडप्पाकालीन शंखकामाची वस्ती खणली. पूर्ण बांगड्यांपेक्षा तेथे कापून टाकलेले शंखाचे गाभे अधिक बोलके ठरले. पण टाकाऊ तुकड्यांवरून कारागिरांची व्यवस्था कशी ओळखायची? मालक एक आणि मजूर अनेक, की घरोघरी स्वतंत्र काम? याचे उत्तर शोधायला कुलदीप भान, अमेरिकेचे जोनाथन मार्क केनॉयर आणि इटलीचे मास्सिमो विदाले हे जिवंत कारागिरांकडे, खंभातला गेले.

खंभातला अकीकाचे मणी आजही होतात. दगड भरुच-राजपिपळ्याकडच्या खाणींतून येतो. उन्हात वाळवतात, मडक्यात मंद आचेवर भाजतात. त्यातल्या लोहामुळे पिवळट दगड तांबडा होतो. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवतो आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच टिचकी मारतो. घाव वरून, कपचा खालून. नंतर कमानीने फिरणाऱ्या सामत्याने भोक. आज सामत्याच्या टोकाला हिऱ्याच्या कणी असतात. हडप्पाचे लोक विशिष्ट कठीण दगडाची टोके वापरत. संशोधकांनी कोणत्या कारखान्याची कपची कुठे पडते, याचा बारकाईने माग काढला. मोठ्या मालकाच्या जागी कामाच्या सगळ्या टप्प्यांचा कचरा एकत्र सापडतो, स्वतंत्र कारागिराच्या अंगणात एखाद्या टप्प्याचाच. १९९१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि हडप्पाच्या कचऱ्यातून मालकी आणि मजुरी वाचण्याची रीत हाती आली.

त्याच खंभातमध्ये दुसऱ्या एका अभ्यासाची गरज होती आणि आहे. विजेवर फिरणाऱ्या सराणेवर अकीक घासताना बारीक धूळ उडते आणि ती छातीत बसून सिलिकोसिस होतो. या आजारावर औषध नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कामगारांची तपासणी केली आहे आणि बडोद्यातल्या कार्यकर्त्यांनीही त्यांचा प्रश्न लावून धरला आहे. पुरातत्त्वज्ञाला ज्या कारखान्यात पाच हजार वर्षांची परंपरा दिसते, तिथेच डॉक्टरला क्ष-किरण पत्रातले डाग दिसतात, अर्थशास्त्रज्ञाला तुकड्यावर ठरलेली मजुरी दिसते. हे तिघे एका वेळी एका अंगणात बसले तरच कारागीर पुरता दिसेल.

उरलेले काम

इतर विभागांतही ही वाट चालू राहिली. ललितकला विद्याशाखेतल्या ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावच्या भिंती, रांगोळ्या, गोंदण यांची छायाचित्रे टिपली. मूळचे भोरचे आणि येथे इंग्रजीचे प्राध्यापक असलेले गणेश देवी यांनी विद्यापीठ सोडून १९९६ मध्ये भाषा संशोधन केंद्र काढले. पुढे तेजगढला आदिवासी अकादमी आणि २०१० पासून भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण उभे राहिले.

या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे. संशोधक कारागिराकडे, गावकऱ्याकडे, बारोटाकडे गेला तेव्हाच काम उंचीला पोहोचले. परतीचा प्रवास मात्र अपुरा राहिला. कलाभवनाची सुरुवात देशी भाषेतून झाली. विद्यापीठाने इंग्रजी माध्यम स्वीकारले. त्यामुळे देशभरातले विद्यार्थी येथे आले आणि जगाशी संवाद वाढला, हे खरेच. पण जावरची भट्टी ज्यांच्या पूर्वजांनी रचली किंवा खंभातचा मणी जे आजही घडवतात, त्यांना त्यांच्याविषयीचा ग्रंथ वाचता येत नाही.

आता तर नवे विषय दारातच आहेत. खंडेराव मार्केटमागच्या भाजीच्या गाळ्यावर लावलेला पैसे घेण्याचा चौकोनी कोड, मोबाइलवरून येणारी मागणी, घरपोच माल नेणारी मुले, महापालिकेच्या ऑनलाइन अर्जापुढे अडलेली म्हातारी माणसे. संगणकशास्त्र, समाजकार्य, वाणिज्य आणि भाषा या विभागांनी एकत्र येऊन करावेत असे हे अभ्यास आहेत, आणि ते करायला लांब जायला नको.

विद्यापीठाच्या शताब्दीकडे जाताना एक साधा नेम करता येईल. जो अभ्यास लोकांमध्ये बसून केला, त्याची चाळीस-पन्नास पानांची पुस्तिका त्याच लोकांच्या भाषेत, गुजरातीत, मराठीत, राठवीत, छापून त्यांच्या हाती द्यायची; आणि तिच्यात चूक असेल तर ती दाखवण्याचा पहिला हक्क त्यांचा. रंगाऱ्यासाठी रसायनशास्त्राचे नियतकालिक काढणाऱ्या गज्जरांच्या वारसदारांना हे जड जाऊ नये.